कडुनिंब झोडून झाला तरी मळीतला ऊस का वाळला? माळावरची हुमणी आणि नदीकाठची हुमणी

प्रश्न (शिरोळ तालुक्यातून एक शेतकरी वाचक) :

नमस्कार सर. आमची दोन रानं आहेत, एक वर माळाला मुरमाड जमिनीत आणि एक खाली नदीकडंला मळीत, म्हणजे गाळाच्या जमिनीत. दोन्हीकडं ऊसच. मुळं खाणाऱ्या हुमणीच्या अळीनं तीन वर्षं झाली हैराण केलंय म्हणून गेल्या वर्षी गावातल्या पोरांनी मनावर घेतलं, वळीव झाल्या झाल्या रोज रात्री कडुनिंब आणि बाभळी हलवून हिचे भुंगेरे, म्हणजे अंडी घालणारे मोठे किडे, गोळा केले, घमेल्यात रॉकेलचं पाणी करून त्यात टाकले, पंधरा-वीस दिवस कोणी सुट्टी घेतली नाही. माळाच्या रानात फरक पडला, डोळ्यांनी दिसतोय. पण मळीतला ऊस सप्टेंबरात पिवळा पडायला लागला आणि दिवाळीपर्यंत जागोजागी वाळून गेला, ठोंब ओढला की मुळासकट हातात येतोय. खणलं तर खाली अळ्याच अळ्या. आता भावकीतले म्हणायला लागलेत की भुंगेरे गोळा करणं म्हणजे रिकामटेकडा उद्योग आहे, यंदा कोणी करायचं नाही. आमचं चुकलं कुठं तेवढं सांगा.

उत्तर :

दादा, पोरांचं काही चुकलेलं नाही, आणि सगळ्यात आधी हे भावकीला सांगा की ही मोहीम यंदा बंद करायची नाही, कारण माळाचं रान वाचलंय ते त्याच मोहिमेमुळं. अडचण अशी आहे की तुमच्या दोन रानात दोन वेगवेगळ्या किडी आहेत. आपण दोघींना हुमणीच म्हणतो, अळी दोघींची पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, डोकं तपकिरी, आणि दोघी मुळंच खातात, म्हणून आपल्याला वाटतं की एकच आहे. पण माळावरची हुमणी म्हणजे होलोट्रिकिया सेराटा आणि नदीकाठची हुमणी म्हणजे ल्युकोफोलिस लेपिडोफोरा. एकाच घराण्यातल्या, पण सख्ख्या नाहीत, चुलत म्हणा. आणि दोघींचं वर्षाचं वेळापत्रक वेगळं आहे, भुंगेऱ्याची सवय तर पार वेगळी आहे. तुमचा उपाय हा एकीच्या सवयीवर बेतलेला होता, तो दुसरीला लागणारच नव्हता.

हे मी इतकं ठासून सांगतोय कारण मी स्वतः पूर्वी ही चूक केलेली आहे. वारणेच्या काठावरच्या एका शेतकऱ्याला मी फोनवरच, रान न बघता, कडुनिंबावरचे भुंगेरे गोळा करा म्हणून सांगितलं होतं, त्या माणसानं बिचाऱ्यानं महिनाभर रात्री जागून ते केलं आणि त्याचा ऊस गेला तो गेलाच. तेव्हापासून मी कोणीही हुमणीचं विचारलं की पहिला प्रश्न हाच विचारतो, रान कुठं आहे, माळाला की मळीत.

आधी माळावरची घेऊ. हिचं वर्ष सुरू होतं वळवाच्या पावसानं. भुंगेरा खरं तर आधीच जमिनीत तयार होऊन बसलेला असतो, पण वरची माती कडक असते, ती भिजली, मऊ झाली की मग तो वर येतो. साधारण मे महिन्याच्या शेवटी, रोहिणीत, कधी वळीव लवकर पडला तर त्याच्याही आधी. दिवस मावळला की थोड्या वेळात, साडेसातच्या सुमाराला, जमिनीतून एकदम भुंगेरे उठतात आणि जवळचं कडुनिंब, बाभूळ, बोर गाठतात. तिथं मिलन होतं, आणि मग रात्रभर पानं खातात. सकाळी तुम्ही कडुनिंबाकडं बघितलं तर पानांच्या नुसत्या शिरा राहिलेल्या दिसतील, ते यांचंच काम. उजाडायच्या आत परत जमिनीत शिरतात. हे रोज चालतं, म्हणजे हा भुंगेरा रोज रात्री ठरावीक झाडांवर हजेरी लावतो, आणि म्हणूनच तो आपल्याला सापडतो. झाड हलवलं की टपाटप पडतात, पोरांनी बघितलंच आहे.

मादी मातीत बोटभर किंवा त्याहून थोडं खोल अंडी घालते, एकेक सुटं, साबुदाण्यासारखं पांढरं. एक मादी साधारण पन्नास-साठ अंडी देते. हा आकडा पोरांना सांगा, म्हणजे घमेल्यात टाकलेल्या एकेका मादीचा हिशोब कळेल. दहा-पंधरा दिवसांत अळी बाहेर येते. सुरुवातीला ती इतकी बारीक असते की शेणखत, कुजलेला पालापाचोळा यावरच जगते, उसाला त्या वेळी काहीच दिसत नाही, शेतकरी निवांत असतो. मग कात टाकत टाकत तिसऱ्या अवस्थेत जाते, करंगळीएवढी जाड होते, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात मुळांवर तुटून पडते. आपल्याला हुमणी "आली" असं जे वाटतं ते तेव्हा वाटतं, पण ती जूनपासूनच आलेली असते. पोट भरलं की ही अळी खाली जाऊन मातीची गुळगुळीत खोली करते, त्यात कोष, आणि थंडीत त्यातून भुंगेरा. हा भुंगेरा लगेच बाहेर येत नाही. तो तिथंच अंधारात, काही न खाता, पुढच्या वळवापर्यंत पडून राहतो. म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये माळाच्या रानात जमिनीखाली तयार भुंगेरे झोपलेले असतात.

आता नदीकाठची. हिची जमीन म्हणजे कृष्णा, वारणा, पंचगंगा यांच्या काठची गाळाची, भुसभुशीत, ओल धरणारी. सांगली, कोल्हापूर, सातारा या पट्ट्यात नदीपासून जसजसं वर जाल तसतशी ही कमी होत जाते आणि माळावरची वाढत जाते. मधल्या रानात दोन्ही एकत्र पण सापडतात, त्यामुळं नुसतं रानाच्या जागेवरून शंभर टक्के ठरवू नका, खणून बघायला पाहिजे.

हिचा भुंगेरा वळवाला सहसा भुलत नाही. चांगला पाऊस लागला, मृग-आर्द्रा सुरू झाली, की जून-जुलैमध्ये तो बाहेर यायला लागतो. म्हणजे तुमच्या पोरांची मोहीम संपत आली, सगळे पेरणीच्या गडबडीत गेले, आणि मग मळीतला भुंगेरा निघाला. पहिली गोष्ट ही, वेळच चुकली.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. हा भुंगेरा कडुनिंबावर, बाभळीवर पानं खायला जातच नाही. त्याचं खाणं अळी असतानाच झालेलं असतं. संध्याकाळी अंधार पडायच्या वेळेला जमिनीतून वर येतो, थोडा वेळ खालून खालून उडतो, जमिनीवर किंवा गवता-झुडपावरच जोडी जमते, आणि परत माती. हे सगळं फार थोड्या वेळात उरकतं. मी एकदा आर्द्रा नक्षत्रात कृष्णेच्या काठी उसाच्या बांधावर टॉर्च घेऊन उभा राहिलो होतो, पाऊस नुकताच थांबलेला, पावणेसातला काही नाही, सातच्या पुढं सरीतून एकदम घुंईं असा आवाज उठायला लागला, पायाला धडकायला लागले, उसाच्या पानावर आपटायला लागले, आणि आठच्या आत सगळं शांत. बांधावर दोन मोठे कडुनिंब होते, दोन्ही हलवून बघितले, खाली एक भुंगेरा पडला नाही. त्या दिवशी मला वारणाकाठच्या त्या शेतकऱ्याची रात्रभराची जागरणं आठवली आणि फार वाईट वाटलं.

म्हणजे तुमची पोरं नऊ वाजता टॉर्च-घमेली घेऊन झाडाखाली जात असतील तर माळावरचा भुंगेरा त्यांना मिळणारच, तो रात्रभर झाडावर आहे. मळीतला मात्र तोपर्यंत परत जमिनीत गेलेला असतो आणि झाडावर तर तो नव्हताच कधी.

अजून एक फरक आहे तो नुकसानीच्या काळाचा. माळावरची अळी साधारण दिवाळीच्या आसपास खायचं थांबवून कोषाला लागते. नदीकाठची जास्त महिने अळीच राहते, थंडीतसुद्धा मुळं खात राहते, त्यामुळं मळीतल्या उसाचं वाळणं डिसेंबर-जानेवारीतही चालू दिसतं, आणि ऊस तुटून गेल्यावर खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांतून येणारा पुढचा ऊस, फुटायला लागला की त्याच्या कोवळ्या मुळांना तीच अळी लागते. तुम्ही मळीत खोडवा ठेवला असेल तर आत्ताच दोन-चार ठोंब उकरून बघा.

ओळखायचं कसं म्हणाल तर भुंगेऱ्यावरून सोपं आहे. माळावरचा भुंगेरा विटकरी-तपकिरी, अंगठ्याच्या पेराएवढा. नदीकाठचा त्याच्यापेक्षा चांगलाच मोठा, गडद, आणि अंगावर बारीक पांढुरके खवले असतात, पीठ भुरभुरल्यासारखे, हातात धरून बोटानं पुसलं तर निघतातही. त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थच तो आहे, ल्युकोफोलिस म्हणजे पांढरे खवले आणि लेपिडोफोरा म्हणजे खवले बाळगणारा, नाव ठेवणाऱ्याला दोन्ही वेळा तेच दिसलं. अळीवरून ओळखणं मात्र अवघड आहे. पूर्ण वाढलेली नदीकाठची अळी मोठी असते हे खरं, पण अर्धवट वाढलेली असेल तर तुम्ही-आम्ही फसतो. अळीच्या शेवटच्या भागावर खालच्या बाजूनं बारीक काट्यांची रांग-मांडणी असते, तज्ज्ञ लोक ती भिंगाखाली बघून जात सांगतात. तेव्हा आठ-दहा जिवंत अळ्या त्याच रानातल्या मातीसकट डब्यात घालून कृषी विज्ञान केंद्रात किंवा पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रात दाखवा. डब्यात एकमेकींना चावतात, म्हणून माती भरपूर घाला.

आता मळीच्या रानात करायचं काय. मी तुम्हाला जे सांगतोय ते वर्षाच्या क्रमानं सांगतो.

ऊस तुटला की त्या रानात यंदा खोडवा ठेवू नका, हे मन घट्ट करून करा, मला माहितीये खोडव्याला खर्च कमी म्हणून सोडवत नाही, पण खालची अळी तिथंच आहे आणि तिला तुम्ही आयतं ताट वाढताय. पाचट-बुडखे काढून खोल नांगरट करा, आणि नांगरट सकाळी करा, उन्हाच्या आधी, म्हणजे बगळे, कावळे, साळुंक्या ट्रॅक्टरच्या मागं येतात. रोटाव्हेटरनं वरची चार बोटं माती भुगा होते फक्त, त्यानं काम होत नाही, नांगरच पाहिजे. ट्रॅक्टरच्या मागं दोन माणसं बादली घेऊन अळ्या वेचायला ठेवली तर सगळ्यात उत्तम. माळाच्या रानात ह्याच नांगरटीत तुम्हाला तयार भुंगेरे वर आलेले दिसतील, मळीत अळ्या आणि कोष दिसतील, दोन्हीचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा, त्यावरून तुमच्याच गावाला हा फरक पटेल.

शेणखत अर्धवट कुजलेलं टाकू नका. ताज्या खताकडं मादी ओढली जाते आणि बारीक अळीला पहिलं खाणं तेच मिळतं.

मग जून. मृगाचा पाऊस लागला की मळीच्या रानात संध्याकाळी साडेसहालाच जाऊन उभं राहायचं. नऊला जाऊन उपयोग नाही. टॉर्च, हातमोजे, झाकणाची बादली, आणि सरीतून, बांधावरून, गवतातून भुंगेरे वेचायचे. झाडाकडं बघायचंच नाही. सुरुवातीचे दोन-तीन दिवस काही मिळालं नाही तरी जात राहा, पाऊस उघडल्यावरच्या संध्याकाळी ते जास्त निघतात, एकदा निघायला लागले की काही दिवस सलग निघतात. लाईटचा सापळा, म्हणजे बल्बच्या खाली रॉकेलच्या पाण्याचं टब, हा माळाच्या रानात लावा, तिथं बऱ्यापैकी काम करतो. मळीत लावायला हरकत नाही पण त्याच्या भरवशावर राहू नका, तिथं हातानं वेचणंच खात्रीचं.

आणि एकट्यानं करू नका. तुमच्या दीड एकरातले वेचले आणि शेजारच्या चार एकरात कोणी गेलंच नाही तर उपयोग निम्म्यावर येतो. काही साखर कारखाने भुंगेरे किलोवर विकत घेतात, तुमच्या गटाच्या शेती ऑफिसात विचारा, आणि विचारताना हे पण सांगा की खरेदी फक्त वळवापुरती ठेवू नका, आर्द्रा संपेपर्यंत चालू ठेवा, नाहीतर मळीवाल्यांना तिचा फायदाच मिळत नाही.

जून-जुलैमध्येच, अळी लहान असताना, जैविक उपाय करायचा. मेटारायझियम नावाची बुरशी आहे. तिचे बीजाणू अळीच्या अंगाला चिकटतात, तिथंच रुजतात आणि कातडी भेदून आत जातात, अळी कडक होऊन मरते, आधी पांढरी बुरशी दिसते मग ती हिरवी होते. अशी हिरवी अळी खणताना सापडली तर तिला फेकू नका, तिथंच मातीत राहू द्या, तिच्यावरचे बीजाणू दुसऱ्या अळ्यांना लागतात. ही बुरशी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओल असताना सरीतून द्यायची. तिच्या आगेमागे बुरशीनाशक सोडायचं नाही, ते तिलाच मारतं, ड्रिपमधून सगळं एकत्र सोडणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवा.

दुसरं म्हणजे कीटकांना मारणारे सूत्रकृमी, हेटेरोऱ्हॅबडायटिस इंडिका. ही जात आपल्या भारतातलीच, कोइमतूरला सापडलेली. हे डोळ्यांना न दिसणारे कृमी ओल्या मातीतून अळी शोधतात, तिच्या तोंडातून नाहीतर श्वासाच्या छिद्रातून आत जातात, आणि आपल्या पोटातले जिवाणू तिच्या रक्तात सोडतात. अळी दोन-तीन दिवसांत मरते आणि विटेसारखी लालसर होते. मला हा उपाय मळीच्या रानासाठी जास्त आवडतो कारण त्याला ओल लागते आणि मळीत ओल टिकते. संध्याकाळीच सोडायचे, उन्हानं मरतात, आणि आणलेलं पाकीट गाडीच्या डिकीत दिवसभर तापू द्यायचं नाही. उसाची मुळं खाणाऱ्या सूत्रकृमींशी त्यांचा संबंध नाही, नाव सारखं असल्यामुळं लोक घाबरतात. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये किंवा कृषी विद्यापीठात चौकशी करा, खात्रीचा माल मिळणं महत्त्वाचं आहे, बाजारात नुसतं पाणी-पावडरही विकली जाते.

ऑगस्टनंतर अळी मोठी झाली, खोल गेली, की मग कुठलाही उपाय अर्धाच लागतो. तेव्हा पिवळे ठोंब दिसले की बाजूनं उकरून अळ्या वेचून मारणं, आणि जिथं शक्य आहे तिथं सरीत पाणी साचवून ठेवणं, म्हणजे श्वास कोंडून अळ्या वर येतात किंवा मरतात. मळीत पाण्याची सोय असते, हा फायदा माळाच्या रानाला नाही.

राहिली भावकी. त्यांना दोन्ही रानात घेऊन जा, दोन्हीकडं चार-चार ठोंब उकरा, अळ्या मोजा आणि समोरासमोर दाखवा. बोलण्यानं पटत नाही, खड्डा दाखवला की पटतं.

प्रश्न (कराड भागातून एक वाचक) : आमच्या वडिलांच्या काळी लागणीला थिमेट टाकलं की काम व्हायचं. आता दुकानदार नाही म्हणतो. कुठं मिळेल का?

उत्तर : मिळालं तरी घेऊ नका. थिमेट म्हणजे फोरेट, आणि फोरेटवर भारतात २०२० च्या अखेरपासून बंदी आहे, जुना साठा कोणी गुपचूप देत असेल तर तो तुमच्या जिवाशी खेळतोय. ते फार जहाल औषध आहे, हातानं टाकणाऱ्या बायामाणसांना, विहिरीच्या पाण्याला, रानातल्या पाखरांना, सगळ्यांना धोका. आणि जी पाखरं तुमच्या अळ्या वेचतात ती मेली तर पुढच्या वर्षी नांगरामागं कोण येणार. रासायनिकच द्यायचं असेल तर आज उसातल्या हुमणीसाठी शिफारस असलेली दुसरी औषधं आहेत, कृषी सहाय्यकाकडून लेबल दाखवून लिहून घ्या, आणि तेही जून-जुलैत, अळी लहान असताना. सप्टेंबरात मोठ्या अळीवर औषध ओतणं म्हणजे निव्वळ पैसे मातीत घालणं आहे.

प्रश्न (लातूरहून एक वाचक) : आमच्या उकिरड्यात जाड पांढऱ्या अळ्या ढिगानं निघतात. ते खत रानात टाकायचं की नाही? सगळी हुमणीच आहे का?

उत्तर : ढीगभर जाड अळ्या उकिरड्यात असतील तर त्यातल्या बऱ्याच हुमणी नसण्याची शक्यता जास्त आहे. उकिरड्यात फुलांवर बसणाऱ्या भुंग्यांच्या अळ्या असतात, गेंड्या भुंग्याच्या असतात, त्या कुजलेलं खातात, खत मुरवायला मदतच करतात, उसाच्या जिवंत मुळांना हात लावत नाहीत. गेंड्या भुंग्याचा त्रास नारळवाल्यांना, तोही भुंग्याचा, अळीचा नाही, तेव्हा जवळ नारळाची बाग असेल तर मात्र त्या अळ्या वेचा.

ओळखायची एक सोपी युक्ती सांगतो. अळी घ्या आणि फरशीवर किंवा पत्र्यावर ठेवा. पाठीवर उलटी होऊन, पाय वर करून, पाठीनं सरसर पुढं सरकायला लागली तर ती फुलभुंग्याची, बिनधास्त खतात परत टाका. हुमणी असेल तर ती कुशीवर वळून पडून राहते, पाठीवर चालत नाही. अजून खात्री करायची तर भिंग घेऊन मागच्या टोकाला गुदद्वाराची चीर बघा, हुमणीची तीन फाट्यांची असते, इंग्रजी वाय सारखी, आणि फुलभुंग्याची, गेंड्या भुंग्याची आडवी सरळ रेघ असते. लहान पोरांना हे करायला फार आवडतं, त्यांना बसवा.

खत मात्र पूर्ण कुजल्यावरच टाका आणि टाकायच्या आधी एकदा पसरून कोंबड्या सोडा.

प्रश्न (कारवारकडून एक वाचक) : आमची सुपारीची बाग आहे. झाडं पिवळी पडून शेंडा बारीक होतोय, बुंध्याशी खणलं तर अशाच अळ्या. तुमच्याकडच्या उसातली हुमणी इथं आली असेल का?

उत्तर : उसातून आली असं म्हणता येणार नाही, तुमच्याकडं ती आधीपासूनचीच आहे. वर जी नदीकाठची हुमणी सांगितली, ल्युकोफोलिस लेपिडोफोरा, तीच कर्नाटकात सुपारीची मोठी शत्रू आहे, आणि तिचीच भावंडं केरळात नारळाची मुळं खातात. सुपारीची बाग म्हणजे ओल, सावली, पालापाचोळा, तिला हवं ते सगळं. ऊस तरी वर्षा-दीड वर्षात निघतो आणि नांगरट होते, बाग तशीच उभी असते, माती हलत नाही, त्यामुळं ती पिढ्यानपिढ्या तिथंच राहते. तुम्ही बागेत पावसाच्या सुरुवातीच्या संध्याकाळी भुंगेरे हातानं वेचा, पुढं अंड्यातून अळ्या निघाल्या की त्या बारीक असतानाच बुंध्याभोवतीची माती हलकी उकरून सूत्रकृमी द्या, आणि हे एक वर्ष करून थांबू नका, सलग तीन वर्षं तरी करा. जास्त खोल उकरू नका, सुपारीची मुळं वरच असतात, अळीनं सोडलेली आपणच तोडायला नकोत. पाणी तुंबत असेल तर चर काढा, मुळं कुरतडलेल्या झाडाला तुंबलेलं पाणी अजिबात सोसत नाही.

प्रश्न (पलूस तालुक्यातून एक ताई) : मुलं रोज रात्री डबाभर भुंगेरे गोळा करून आणतात. चावतात का? आणि कोंबड्यांना घातले तर चालेल का?

उत्तर : ताई, ह्या भुंगेऱ्यांना विष नाही आणि ते डंखही मारत नाहीत. पायाला काटे असतात ते बोटात रुततात, मूठ घट्ट धरली की मुलांना टोचल्यासारखं होतं एवढंच. त्यापेक्षा पावसाळ्यात अंधारात गवतातून चालताना सापाची काळजी जास्त घ्या, पायात बूट आणि हातात काठी पाहिजेच, आणि एक तरी मोठं माणूस बरोबर असू द्या.

कोंबड्यांना खुशाल घाला, फार आवडीनं खातात. फक्त एक नक्की बघा, त्या झाडावर कोणी औषध फवारलेलं नाही ना. काही जण बाभळीच्या, कडुनिंबाच्या फांद्या औषधात बुडवून रानात रोवतात, त्याच्याखाली पडलेले भुंगेरे कोंबड्यांना घालायचे नाहीत, खोल पुरून टाका. आणि रॉकेलच्या पाण्यातले पण नाही. कोंबड्यांसाठी वेगळा कोरडा डबा ठेवा, झाकण घट्ट लावा, नाहीतर रात्रीतून निम्मे उडून परत रानात जातील.

तुम्ही ते कडुनिंबावरून आणता की सरीतून, हे लिहिलेलं नाही. डब्यातले दोन-चार मोठे, पांढुरके खवले असलेले निघाले तर त्याची तारीख आणि रान लिहून ठेवा आणि मला कळवा, पलूसकडं काठापासून किती वरपर्यंत नदीकाठची हुमणी चढली आहे हे मला बघायचंय.